पडदेवाल्या वहिनींचं ‘बघते’

मंगळवारची सकाळ. गॅसवर एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला चहा, आणि दोन्हींची राखण करणारे डोळे मात्र भलतीकडेच, जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या फिक्या निळ्या कापडावर. सहाला उठून वहिनींनी त्यावर चुण्यांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. शेवटच्या खुणेला खेटून नवऱ्यानं चहाचा कप टेकवला.

“अहो, कप!”

“सांडला नाहीये.”

“सांडल्यावर सांगणार होतात का?”

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाई गोळ्यांच्या डबीशी झटापट करत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, “आता ह्या घरात माणसानं मांडीवर ताट घेऊन जेवायची सवय करावी. टेबल पडद्यांना दिलंय.”

“आजी, मांडीवर मी बसते,” असं म्हणत नववीतली लेक एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा अशी लंगडत आली. “आई, दुसरा मोजा?”

“कापडाखाली बघ.”

मोजा खरंच कापडाखाली होता. हे घर असंच चालायचं. कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त वहिनींच्या डोक्यात, आणि डोकं कायम चार ठिकाणी.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारा माणूस एक तर घाईत असतो नाहीतर जुन्या वळणाचा असतो. हा दोन्ही होता. चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचे कंपाउंडर. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक छोटी डायरी.

“नमस्कार वहिनी. घेऊनच जातो म्हटलं.”

“काय?”

“पडदे.”

वहिनींच्या हातात गाळणं होतं. त्यातून चहाचे थेंब पायावर पडत होते, ते त्यांना कळलं नाही.

“कुठले पडदे?”

“असं काय करता! नव्या दवाखान्याचे. पाच खिडक्या. उद्या दुपारी चारला पहिला पेशंट. बाईंनी अकरा जणांना वेळा देऊन ठेवल्यात. तपासणीच्या खोलीत मिट्ट अंधार लागतो, नाहीतर डोळ्याच्या आत काय दिसणार, कपाळ?”

“पण काका, मी कुठे हो म्हटलं होतं?”

“म्हणजे काय? तीन आठवड्यांपूर्वी इथेच, ह्या दारात, तुम्ही म्हणालात, ‘बघते’.”

“तेच तर! मी बघते म्हटलं.”

“तेच तर! मी लिहून घेतलं.” कंपाउंडरांनी डायरी काढून पान उघडलं आणि बोटानं ओळ दाखवली. “हे पाहा. ‘पाच पडदे. वहिनी बघताहेत.’ तुम्ही बघताय म्हटल्यावर आम्ही बघणं सोडलं. कापडही आणून ठेवलंय, काळं, मागून रबरी थर दिलेलं. तुम्ही न्यायला याल म्हणून वाट पाहिली. मग वाटलं, नेलं नाही म्हणजे यांच्याकडे स्वतःचंच असेल.”

आता एकच वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. मला हे जमणार नाही. वहिनींना ते वाक्य डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “हो का... बरं... बघते मी.”

“बघा, बघा,” म्हणत कंपाउंडर मोठ्या समाधानानं जिना उतरले.

दार लावून वहिनी वळल्या तर तीन माणसं त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मागे दूध उतू गेलं.

“आई, तू परत म्हणालीस,” लेक म्हणाली.

“मला माहितेय.”

“त्यांना काय कळणार गं? तुझं ‘बघते’ आम्हाला कळतं, कारण आम्ही घरचे. नुसतं ‘बघते’ म्हणजे नाही. ‘बघते हं’ म्हणजे हो, पण उशिरा. आणि ‘बघते मी!’ म्हणजे बाबांचं काही खरं नाही.”

नवरा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरीला. तिथे रोज शंभर माणसांच्या तक्रारी ऐकून त्याला एक शांतपणा आलेला होता आणि तो नेमका नको तेव्हा घरी यायचा. “त्यात काय एवढं? फोन करून सांगून टाक, नाही जमणार.”

“तुम्ही करा ना फोन. तुम्हाला सवय आहे.”

“मी?” नवऱ्यानं कप उचलला. “मी... बघतो.”

लेक हसत सुटली. सासूबाईसुद्धा पदर तोंडाशी धरून हसल्या. वहिनींना मात्र हसू येईना.

सासूबाई जरा वेळानं म्हणाल्या, “हसू नका रे. तिची काय चूक? आमच्या वेळी सुनेच्या तोंडात ‘नाही’ शोभायचं नाही. माझ्या सासूला मी तीस वर्षं ‘बघते’ म्हटलं. तिला बिचारीला शेवटपर्यंत वाटत होतं की मी बघतेय.” मग सुनेकडे वळून, थोड्या खालच्या आवाजात, “पण तिनं कधी डायरी नव्हती ठेवली.”

वहिनींचा धंदा चौदा महिन्यांचा. सुरुवात अशी झाली की त्यांनी स्वतःच्या घराला पडदे शिवले आणि शेजारीण ते पाहून दारातच थबकली. पडदा खिडकीला असा बसला होता, की खिडकीच जणू त्याच्या मापानं पाडली असावी. मग शेजारणीचं घर, तिच्या बहिणीचं घर, जिन्यातली दोन बिऱ्हाडं. म्हणता म्हणता ‘पडदेवाल्या वहिनी’ हे नाव पडलं. वहिनी कामाला चोख. धंदा करायचा म्हटल्यावर काय काय लागतं ते त्यांनी चार जणांना विचारलं आणि चौघांनी सांगितलेलं सगळं केलं. चांगली कात्री घेतली, कापडाच्या तुकड्यांचा अल्बम केला, पत्ता छापलेली कार्डं आणली, नवऱ्यानं तर रबरी शिक्कासुद्धा करून आणला. गिऱ्हाईक दारात उभं राहून काम सांगेल तेव्हा त्याला नेमकं काय उत्तर द्यायचं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. ती काय शिकायची गोष्ट आहे? तोंड तर घरचंच होतं. आणि त्या घरच्या तोंडात बावीस वर्षांच्या संसारानं एकच शब्द घट्ट बसवून ठेवलेला होता.

लेक शाळेला गेली, नवरा कार्यालयात गेला. जाता जाता त्यानं उतू गेलेलं दूध पुसून दिलं, तेवढा तो भला होता. वहिनी निळ्या कापडाशी बसल्या, चार टाके घातले आणि उठल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. चित्त थाऱ्यावर नव्हतं, कारण मघापासून एक भलताच विचार डोक्यात घुसून बसला होता. कंपाउंडरांचं झालं ते झालं. पण गेल्या दोन महिन्यांत आपण हे आणखी कुणाकुणाला म्हटलंय?

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि आठवायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, त्यांना बघते म्हटलं. वाचनालय, तिथे बघते म्हटलं. नणंदेच्या उशांचे अभ्रे, बघते. नावं पुढे येत गेली आणि वहिनींच्या कपाळावर घाम येत गेला. सगळ्यात वाईट म्हणजे, प्रत्येक नावापुढे आपल्या मनात तेव्हा काय होतं, हो की नाही, हे त्यांचं त्यांनाच नीट सांगता येईना. काही ठिकाणी नको होतं. काही ठिकाणी तर जीव तुटत होता त्या कामासाठी, तरी तोंडातून तेच निघालं होतं.

“आई, मी जरा जाऊन येते.”

“दवाखान्यात?”

“आधी दुसरीकडे.”

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “दुखणं गुडघ्याला आणि मलम कोपराला. जा बाई, जा.”

पायाला भिंगरी लागल्यासारख्या वहिनी आधी जिना चढून वर गेल्या, कारण वरचा मजला सगळ्यात जवळ आणि हेडमास्तर सगळ्यात सोपे. त्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या पडद्याची खालची दुमड एका बाजूनं उसवली होती आणि तिला कपडे वाळत घालायचे तीन चिमटे लावून ठेवले होते.

“सर, तुम्ही मला हे शिवायला सांगितलं होतं ना?”

“एप्रिलमध्ये.”

“मी ‘बघते’ म्हणाले होते. तुम्ही त्याचा अर्थ काय घेतलात?”

हेडमास्तरांनी चष्मा काढला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. “अर्थ शब्दशः घेतला. तुम्ही बघता, मी वाट बघतो. थोडक्यात आपण दोघंही बघेच.”

वहिनींनी तिथेच सुई मागितली. खाली बसून दहा मिनिटांत दुमड शिवली. चिमटे परत घेताना हेडमास्तर म्हणाले, “दहा मिनिटांचं काम होतं तर!” त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि म्हणून ते जास्त लागलं.

तिथून तडक वाचनालय. रस्त्यात दोनदा त्या थांबल्या. एकदा वाटलं, आधी दवाखान्यात जावं, वेळ चाललाय. एकदा वाटलं, घरी जावं आणि दार लावून घ्यावं. पण पाय आपले वाचनालयाकडेच ओढत होते. तिथल्या पाच उंच, वरून कमानदार खिडक्या त्यांच्या मनात भरल्या होत्या. महिनाभरापूर्वी ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा आनंदानं छातीत धडधडलं होतं. घरी येऊन विजेच्या बिलाच्या पाठीवर कमानीचं चित्रसुद्धा काढलं होतं, वरची चुणी कशी वळवायची त्याचं. आणि ग्रंथपालांना काय म्हटलं होतं? एवढं मोठं काम लगेच हो कसं म्हणायचं, उतावळेपणा दिसतो, म्हणून मान खाली घालून म्हटलं होतं, ‘बघते.’

वाचनालयाच्या दारातच त्यांना उत्तर मिळालं. पाचही खिडक्यांवर नवे तपकिरी पडदे लागलेले होते. सरळ कापलेले. कमानीच्या वर उघडी अर्धचंद्राकृती काच, आणि खाली पडदा खिडकीच्या कट्ट्यापासून दोन बोटं आखूड.

“या या वहिनी!” ग्रंथपाल उठून आले. “कसे वाटले? बाजारातल्या दुकानाला देऊन टाकलं काम.”

“मला विचारलं होतंत ना तुम्ही...”

“हो तर. पण तुम्ही ‘बघते’ म्हणालात, आणि चेहरा असा पाडलात, की मी मनात म्हटलं, बाई भिडस्त आहेत, नाही म्हणता येत नाहीये. कशाला अडचणीत टाका? म्हणून मी परत विषयच काढला नाही.” आपल्या समजूतदारपणावर ते खूश दिसत होते. “बरं केलं ना?”

वहिनींची नजर त्या दोन बोटांच्या फटीवरून हलेना. “छान आहेत,” त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन त्या पायरीवर क्षणभर टेकल्या. मग एकदम उठल्या. कॅलेंडरचं पान पर्समध्ये खोल खुपसलं. उरलेल्या नावांना आज विचारायची हिंमत नव्हती आणि आता वेळही नव्हता. अकरा वाजून गेले होते. उद्या चारपासून दवाखान्यात अकरा माणसं येणार आणि खोलीत उजेड असणार. पडदेवाल्या वहिनी हो म्हणाल्या आणि पडदे दिलेच नाहीत, असं चौक म्हणणार. आणि चौकाचं खरं ठरणार.

नव्या दवाखान्याला रंगाचा वास येत होता. डॉक्टरीणबाई स्टुलावर उभ्या राहून भिंतीवर अक्षरांचा तक्ता सरळ करत होत्या. कंपाउंडर खालून “डावीकडे, अजून डावीकडे” करत होते. कोपऱ्यात काळ्या कापडाचा गठ्ठा, अजून कागदात गुंडाळलेला, भिंतीला टेकून उभा.

“आल्या!” कंपाउंडर म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं?”

वहिनींनी पर्स दोन्ही हातांनी धरली. वाटभर पाठ केलेलं वाक्य विसरायच्या आत एका दमात म्हणून टाकलं.

“डॉक्टर, पाच खिडक्यांचे पडदे उद्यापर्यंत मला जमणार नाहीत. तीन आठवड्यांपूर्वीही जमणार नव्हते, असलं कापड मी कधी शिवलेलं नाही. मी ‘बघते’ म्हणाले ते नाही म्हणायच्या ऐवजी म्हणाले.”

डॉक्टरीणबाई स्टुलावरून खाली उतरल्या.

“थांबा,” कंपाउंडर म्हणाले. “म्हणजे ‘बघते’ म्हणजे नाही?”

“कधी कधी.”

“आणि बाकीच्या वेळी?”

“हो.”

कंपाउंडरांनी डायरी काढली, पेन उघडलं आणि काय लिहावं ते न सुचून बंद केलं.

“वहिनी,” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्यातला ओलावा गेला होता, “उद्या येणाऱ्यांत एक आजोबा आहेत. दोन गाड्या बदलून येतात. एका डोळ्यानं दिसायचं बंद झालंय, दुसऱ्याचं मला उद्याच बघायला हवं. त्यांना काय सांगू? परत जा, पडदे बघताहेत?”

वहिनींना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमीन नव्या फरशीची होती, ती काही दुभंगेना. मान वर करवेना म्हणून त्यांनी बाजूला पाहिलं, आणि बाजूला खिडकी होती. खिडकी दिसली की वहिनींची नजर आपोआप तिचं माप घेते. ह्या खोलीतल्या खिडक्या त्यांनी मोजल्या. चार. आतल्या दारातून डोकावून पाहिलं. एक.

“डॉक्टर, अंधार पाचही खिडक्यांना हवाय?”

“नाही हो. अंधार फक्त आत. ही तर बसायची खोली.”

“मग उद्या इथल्या चार खिडक्या उघड्या राहिल्या तर?”

डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरांकडे पाहिलं. “तर काय... लोक रस्ता बघत बसतील.”

“मग उद्याला एकच लागते.”

“एकच,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. “हे त्या दिवशीच का नाही विचारलंत?”

काय सांगणार? ‘बघते’ म्हटलं की बोलणंच संपतं. पुढचं काही विचारायला जागाच उरत नाही. वहिनींनी टेप काढला. रुंदी सहा फूट, उंची चाळीस इंच. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग कापडाचा कोपरा सोडवून त्यात सुई टोचली आणि ट्यूबलाइटसमोर धरला. काळ्या कापडात एक चांदणी चमकली.

“हे बघा. ह्या कापडाला सुईचं प्रत्येक भोक असं दिसणार. दोन तुकडे मधोमध जोडले तर तुमच्या अंधाराच्या पोटातून चांदण्यांची ओळ जाईल.”

“मग?”

वहिनी बोलता बोलता पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, मोजत होत्या. चौपन्न इंच. त्यांनी मनातल्या मनात खिडकीच्या वर-खाली चार-चार इंच भिंत झाकली, अठ्ठेचाळीस झाले. वर-खाली तीन-तीनची दुमड, चौपन्न. पुन्हा हिशेब केला. चौपन्न.

“कापड आडवं घेते. मग जोड लागत नाही. आणि सगळी शिवण काचेच्या बाहेर, भिंतीवर येते. बाजूंना ती चरचर करून निघते ना, तसली चिकटपट्टी लावते, म्हणजे कडेनं उजेड शिरणार नाही. एक पडदा. उद्या दोन वाजता येऊन मी स्वतः लावते.”

“आणि नाही झाला तर?” कंपाउंडर म्हणाले. ते आता दुधानं तोंड पोळलेले होते.

“तर सकाळी दहाच्या आत सांगते,” वहिनी म्हणाल्या, “नाही म्हणून.”

त्या दुपारी वहिनींच्या घरात कुणी टेबलावर कप ठेवला नाही. काळं कापड भलतंच हट्टी निघालं. टाचणी लावायची सोय नाही, भोक पडतं. वहिनींनी दोरीवरचे सगळे चिमटे गोळा करून दुमड धरली. सासूबाईंचं लुगडं नुसतं दोरीवर टाकलेलं राहिलं आणि वाऱ्यानं शेजारच्या गॅलरीत गेलं. रबरी बाजू मशीनच्या दाबपट्टीला चिकटून बसे, पुढे सरकेना. एक सुई मोडली. दुसरी मोडली. शाळेतून आलेल्या लेकीनं न विचारता नकाशे गिरवायचे पातळ कागद आणून दिले. ते कापडावर ठेवले तेव्हा कुठे मशीन चालू लागलं. शिवून झालं की कागद फाडून टाकायचा. आणि ह्या सगळ्यावर ताण म्हणजे, चुकलं तर उसवायची सोय नव्हती. साधं कापड उसवलं की भोकं बुजतात. हे कापड काही विसरत नव्हतं. एकदा सुई जिथे गेली, तिथे गेली.

वहिनी एकेक टाका जपून घालत होत्या. एक बाजू राहिली असताना फोन वाजला. नणंद.

“अगं, अभ्र्यांचं काय झालं? शुक्रवारी माझ्याकडे माणसं यायचीत.”

“हो ताई... बघते,” असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

लेकीनं डोक्यावर हात मारला. सासूबाई छताकडे बघू लागल्या. वहिनींचा चेहरा लाल झाला. त्यांनी फोन परत उचलला, आकडे फिरवताना दोनदा चुकल्या.

“ताई, मघाशी मी बघते म्हटलं ना, ते ‘नाही’ होतं. शुक्रवारपर्यंत नाही जमणार मला.”

पलीकडून नणंद म्हणाली, “अगं, मग आधीच सांगायचं ना! मी विकत आणले असते.” आणि जरा फणकाऱ्यानं, “आता आणतेच.”

फोन ठेवल्यावर वहिनी सुटल्यासारख्या झाल्या असतील असं कुणाला वाटेल. नाही. नणंद रागावली असेल का, सासूबाईंना लेकीचं वाईट वाटलं असेल का, हे सगळं डोक्यात घोंगावत राहिलंच. “नाही” म्हणून माणूस मोकळा होतो, असं जे म्हणतात त्यांनी ते बहुधा नणंदेला म्हटलेलं नसतं. शेवटच्या बाजूला एक टाका किंचित तिरका गेला. भिंतीवर येईल, दिसणार नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि ती समजूत रात्रभर काही पटली नाही.

बुधवारी दोनला वहिनी दवाखान्यात हजर. कंपाउंडरांनी स्टूल धरलं. दांडी बसली, पडदा चढला, बाजूंच्या पट्ट्या चौकटीला दाबून बसवल्या. डॉक्टरीणबाईंनी आतल्या खोलीचं दार लावून दिवा घालवला.

अंधार झाला. पण मिट्ट नाही. वरच्या बाजूला, जिथे भिंत गवंड्यानं जरा पोटात घेतली होती, तिथून केसाएवढी उजेडाची रेघ आत येत होती.

“ती बघा,” अंधारातून कंपाउंडर म्हणाले.

“दिसली,” वहिनी म्हणाल्या. भिंत वाकडी असेल हे विचारात कुणी घेतं का? कालच्या तीन मापांत त्यांनी लांबी-रुंदी धरली होती, भिंतीचा बाक धरला नव्हता. पर्समध्ये चिकटपट्टीचा हातभर तुकडा उरला होता. स्टुलावर चढून, उजेडाच्या रेघेवर बोट ठेवून, त्या इंचाइंचानं पुढे सरकल्या. रेघ अर्धी झाली. एवढीशी झाली. गेली.

आता तिघांनाही एकमेकांची चाहूल फक्त श्वासावरून लागत होती. डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या यंत्राची छोटी बत्ती लावली. एक बारीक निळा ठिपका, आणि भोवती काही नाही.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता दिसेल.”

दिवा लावून सगळे बाहेर आले तेव्हा साडेतीन वाजत होते आणि बाकावर एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात काठीवर ठेवून बसलेले होते. वेळेच्या अर्धा तास आधी आले होते. उघड्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे त्यांनी चेहरा केला होता, तो बघण्यासाठी की नुसता अंगावर घेण्यासाठी, ते सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

वहिनी पर्स आवरू लागल्या. कापडाचे तुकडे, टेप, मोडलेली सुई गुंडाळलेला कागद. वाचनालयाच्या खिडक्या गेल्या त्या गेल्याच. कॅलेंडरच्या पानावरची चार नावं अजून तशीच होती, आणि त्यांतल्या कुणाला होकार गेलाय आणि कुणाला नकार, हे आज संध्याकाळपासून एकेका दारी जाऊन विचारायचं होतं. पाय आत्ताच निघायला बघत होते.

“वहिनी,” कंपाउंडर मागून म्हणाले. डायरी उघडी होती, पेन तयार. “आणि ह्या बाहेरच्या चार?”

वहिनींचे ओठ ‘ब’साठी मिटले. तसेच मिटलेले राहिले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, हातातल्या कामांचे दिवस बोटांवर मोजले, एक बोट जास्त धरलं.

“वीस तारीख. त्याआधी नाही.”

कंपाउंडरांनी लिहिलं. वीस. खाली रेघ मारली.

“आणि काका, एक विनंती आहे,” वहिनी म्हणाल्या. “पुढच्या वेळी मला काम सांगाल तेव्हा माझ्याकडून तारीख ऐकल्याशिवाय जाऊ नका.”